नोंदीचं डोकं, नोंदीचं धड

ज्ञानकोशाच्या आमच्या कार्यालयात त्यांना सगळे चिमटाबाई म्हणायचे. तोंडावर अर्थातच ‘ताई’. पायातला काटा काढावा तशी त्या मजकुरातली चूक काढायच्या आणि समोरचा कितीही कळवळला तरी मध्येच थांबायच्या नाहीत, म्हणून चिमटा. माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागून होतं. मी चित्रं आणि नकाशे बघायचे, त्या चरित्रांच्या नोंदी तपासायच्या. एकोणीस वर्षं आम्ही एकाच पंख्याखाली बसलो, आणि त्यातली एकोणीसही वर्षं पंखा किती वेगानं फिरवावा यावर आमचं एकमत झालं नाही.

त्यांचं काम सांगायला सोपं होतं. प्रत्येक चरित्राच्या सुरुवातीला आठ-दहा ओळींचा एक परिच्छेद असतो. माणूस कोण, कुठल्या काळातला, लक्षात का ठेवायचा, एवढं त्यात असतं. त्याखाली चार-पाच रकाने मुख्य मजकूर. ऑफिसात पहिल्याला ‘डोकं’ म्हणत आणि दुसऱ्याला ‘धड’. धड बाहेरचे जाणकार लिहायचे, दोन-दोन वर्षं खपून. डोकं ऑफिसात लिहिलं जायचं, चहा निवायच्या आत. मग व्हायचं काय, की डोक्यात गृहस्थ नामांकित वैद्य असायचे आणि धडात ते तिसऱ्या वर्षी शिक्षण सोडून घरी परतलेले असायचे. डोक्यात पाच मुलं, धडात चार. एकदा तर डोक्यात बाई अविवाहित होत्या आणि धडात त्यांच्या दुसऱ्या नवऱ्याचं आजारपण चाललं होतं. हे सगळं जुळवायचं काम चिमटाबाईंचं. ‘धडात नाही ते डोक्यात नको, आणि धडातलं मोठं काही डोक्यातून गळायला नको,’ हा नियमही त्यांनीच लिहिलेला. टाइप करून कपाटाच्या दारावर चिकटवला होता. सव्वीस वर्षांत त्याची चारदा प्रत बदलली, शब्द तेच राहिले.

चिडचिड त्यांच्या नाकावरच असायची, पण ती किरकोळीची. पेन्सिल कुणी नेली, खिडकी कुणी उघडी टाकली. त्यांचा खरा राग मी पाहिला तो इंजिनियरच्या नोंदीच्या वेळी.

आमच्या शहराच्या नळाला पाणी आणणारा हा इंजिनियर. साठ वर्षांपूर्वी त्यानं डोंगरातली नदी अडवून मातीचं धरण बांधलं. त्याच्या नावाचा चौक आहे, शाळा आहे, पाणी खात्याच्या इमारतीत अर्धपुतळा आहे. नोंदीचं धड लिहिलं होतं एका निवृत्त शाळामास्तरांनी. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, भूगोल शिकवायचे. दोन वर्षं जुनी दप्तरं चाळून त्यांनी पाच रकाने लिहिले होते. त्यातला दीड रकाना फक्त एका सकाळीबद्दल होता.

धरण झाल्यावर दुसऱ्याच पावसाळ्यात, पहाटे सहाच्या सुमाराला, धरणाची डावी बाजू खचली. खाली वीटभट्टीवाल्यांची वस्ती होती. सदतीस माणसं गेली. चौकशी झाली तेव्हा निघालं की धरणावर पाण्याची पातळी मोजायला ठेवलेल्या माणसानं अकरा दिवसांत तीन पत्रं पाठवली होती. पायथ्यातून पाणी झिरपतंय आणि ते गढूळ आहे, म्हणजे आतली माती वाहून चालली आहे, असं त्यानं स्वच्छ लिहिलं होतं. पहिल्या दोन पत्रांना उत्तरच गेलं नाही. तिसऱ्याला इंजिनियरनं एका ओळीत लिहिलं, ‘निरीक्षण चालू ठेवा.’

पण मास्तर तिथे थांबले नव्हते. चौकशी समितीपुढे इंजिनियर स्वतः उभा राहिला आणि चूक माझी आहे, हाताखालच्या कुणाचीही नाही, असं म्हणाला. धरण त्यानं पुन्हा बांधलं, तेच आज उभं आहे. त्यानंतर मात्र त्यानं एकही धरण हाती घेतलं नाही. उरलेली बावीस वर्षं शिकवलं, आणि धरणावर राखण करणाऱ्या साध्या माणसाला कळेल अशा भाषेत, झिरपणारं पाणी कसं ओळखायचं आणि कुठलं पत्र कुणी किती तासांत वाचलंच पाहिजे, याचं एक छोटं पुस्तक केलं. ते पुस्तक अजून वापरात आहे.

चिमटाबाईंनी हे धड वाचलं आणि मला म्हणाल्या, “इकडे ये. हे बघ, असं लिहितात.” दुसऱ्याच्या मजकुराला त्यांनी बरं म्हटल्याचं मी त्या एकदाच ऐकलं. डोकं त्यांनी स्वतः लिहिलं, नऊ ओळींचं. शहराला पाणी दिलं, धरण फुटून सदतीस माणसं गेली, चूक कबूल केली, आणि त्यातून जे नियम केले ते आजही पाळले जातात. खाली ‘तपासून जुळवले’ असा शिक्का मारून त्यांनी आपली आद्याक्षरं घातली आणि नोंद पुढे पाठवली.

तीन आठवड्यांनी दुसरी प्रुफं आली. मी धरणाचा फोटो कुठे बसतो ते बघत होते. शेजारी खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. चिमटाबाई प्रूफ हातात धरून उभ्या होत्या.

“हे कुणी केलं?”

नवं डोकं सहा ओळींचं होतं. ‘शहराचे जलदाते. अलौकिक बुद्धिमत्तेचे स्थापत्यविशारद. त्यांनी उभारलेले धरण आजही अभेद्य उभे आहे.’ सदतीस माणसं गायब. आणि धडात त्या दीड रकान्यावर पेन्सिलीनं उभी रेघ मारून बाजूला लिहिलं होतं, ‘वगळा. प्रास्ताविकाशी जुळत नाही.’

अक्षर साहेबांचं होतं. साहेब म्हणजे आमचे मुख्य संपादक. माणूस वाईट नव्हता, हे मी आज म्हणू शकते. त्या दिवशी म्हणू शकले नसते. सगळ्यांशी गोड बोलणारा, कुणाला नाही न म्हणणारा माणूस, आणि त्यामुळे शेवटी जो मोठा असेल त्यालाच हो म्हणणारा.

चिमटाबाई दार न वाजवता त्यांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच राहिलं, म्हणून आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

“साहेब, हे डोकं खोटं आहे.”

“बसा, बाई. खोटं कसं? धरण उभं नाहीये का?”

“दुसऱ्यांदा बांधलेलं उभं आहे. पहिलं फुटलं.”

“हे बघा, या खंडाचं प्रकाशन पाणी खात्याच्या सभागृहात आहे. त्यांच्याच पुतळ्यासमोर. तिथे काय लोकांच्या हातात बुडालेल्यांची यादी द्यायची? आणि घरच्यांचंही पत्र आलंय. मुलगी आहे त्यांची, ऐंशीच्या घरात. किती आनंद झालाय तिला. म्हाताऱ्या बाईला कशाला दुखवायचं?”

“मग धडाला का हात लावला?”

साहेब हसले. ते हसणं मला अजून ऐकू येतं. “नियम तुमचाच आहे ना? डोकं आणि धड जुळलं पाहिजे. जुळवलं.”

चिमटाबाईंचा आवाज आला, पण तो ओळखू येईना. “धडावरून डोकं करायचं असतं. डोक्याच्या मापानं धड कापायचं नसतं. त्याला जुळवणं नाही म्हणत. त्याला खाटीकखाना म्हणतात.”

“बाई, शांत व्हा. खरं सांगू? लोक डोकंच वाचतात. धड कोण वाचतं?”

“म्हणून तिथेच खोटं लिहायचं?”

त्या बाहेर आल्या, प्रूफ टेबलावर आपटलं आणि पंख्याचा वेग पाचवर नेला. माझे तीन नकाशे उडून खाली पडले, ते मी उचलले नाहीत.

घरी काय झालं ते त्यांच्या यजमानांनी मला पुढे सांगितलं. ते मोटार चालवायला शिकवायचे. रोज शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून बसून त्यांनी घाबरायचं सोडूनच दिलं होतं. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातून भांड्यांचा असा आवाज यायला लागला की आतल्या खोलीतून नणंद ओरडली, “वहिनी, पातेल्यानं काय घोडं मारलंय तुझं?” यजमान दारात जाऊन उभे राहिले.

“काय झालं? कोण गेलं?”

“सदतीस जण.”

“अरे बापरे! कधी?”

“साठ वर्षांपूर्वी.”

यजमानांनी जरा विचार केला. “मग आज एवढं काय?”

“आज त्यांना पुन्हा मारतायत,” बाई म्हणाल्या, “आणि हत्यार माझं वापरतायत.”

जेवताना नणंदेनं विचारलं, “पण तुझं त्यांच्याशी नातं काय?” बाईंनी ताट सरकवलं आणि म्हणाल्या, “वाचलंय मी त्यांच्याबद्दल. एवढं नातं पुरत नाही का?”

साहेबांनी सांगितलेला बदल त्यांनी केला नाही. प्रूफ तसंच खणात ठेवलं, कुलूप लावलं, आणि साहेबांना कळवलं की ह्या नोंदीवर माझी सही मिळणार नाही. साहेबांनी ते मनावर घेतलं नाही. त्यांनी पानं लावणाऱ्याकडून थेट नवी प्रत काढून घेतली आणि ती रीतीप्रमाणे लेखकाला, म्हणजे मास्तरांना, पाठवली. सोबतच्या तपासणीच्या कागदावर मात्र मागच्या महिन्याच्या तारखेचा जुनाच शिक्का होता. ‘तपासून जुळवले’, आणि खाली चिमटाबाईंची आद्याक्षरं.

चौथ्या दिवशी मास्तर आले. दोन बस बदलून, खांद्याला कापडी पिशवी, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. फाटकावर त्यांनी विचारलं, ती आद्याक्षरं कुणाची, आणि सरळ आमच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

“तुम्हीच का त्या?”

“कोण आपण?”

“तुम्ही ज्याचा मजकूर कापलात तो!” एवढ्याशा देहातून एवढा आवाज निघेल असं वाटलं नव्हतं. सगळा हॉल माना वळवून बघायला लागला. “चाळीस वर्षं मी वर्गात पोरांना सांगत आलो, की पुस्तकात छापलंय ते कुणीतरी तपासलेलं असतं. कुणी तपासलेलं असतं? तुम्ही! लाज वाटायला हवी. सदतीस माणसं तुम्हाला सहा ओळींत मावेनात?”

माझी खात्री होती की बाई आता त्यांना नीट समजावून सांगतील. कुठलं काय! त्याही उभ्या राहिल्या आणि त्यांच्यापेक्षा वरच्या पट्टीत सुरू झाल्या.

“माझ्यावर ओरडायचं काम नाही! आद्याक्षरं बघितलीत आणि निघालात भांडायला! शिक्का कधीचा आहे, तारीख बघितलीत? चौकशीचे अहवाल वाचता तुम्ही, आणि एक तारीख बघता येत नाही?”

“तारीख काय बघू! नाव तुमचं आहे!”

“नाव माझं आहे म्हणूनच माझा जीव जळतोय!”

खण उघडून त्यांनी आपलं नऊ ओळींचं डोकं त्यांच्यापुढे टाकलं. मास्तरांनी चष्मा बदलला आणि उभ्यानंच वाचलं. मग खाली बसून पुन्हा वाचलं. मी पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला.

“हे तुम्ही लिहिलंत?”

“मग काय उंदरांनी लिहिलं?”

मास्तर पाणी प्यायले. “सातव्या ओळीत ‘नियम’ऐवजी ‘रीत’ बरं वाटेल.”

“नाही वाटणार,” बाई म्हणाल्या. आणि दोघांचं भांडण तिथे मिटलं. राग मात्र कमी झाला नव्हता. आता तो एकाच दिशेला लागला होता.

मास्तर म्हणाले, नोंदीवरून माझं नाव काढून टाका, मी निघतो. बाईंनी त्यांना खुर्चीतून उठूच दिलं नाही. “तुम्ही नाव काढलंत की त्यांना मोकळं रानच मिळालं. नाव राहू दे. आणि मला एक सांगा, इंजिनियरच्या मुलीला तुम्ही भेटलात?”

“लिहिलं होतं तिला. वडिलांच्या डायरीतली शिकवण्याच्या वर्षांची पानं मी मागितली, ती तिनं उतरवून पाठवली. चांगली बाई आहे, तिखट आहे जरा.”

“तिखट बाईनं ‘किती आनंद झाला’ असं पत्र लिहिलं?”

बाई उठल्या आणि आवक-जावकच्या खिडकीशी गेल्या. मीही मागोमाग गेले. तिथल्या लेखनिक बाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी साहेबांना विचारल्याशिवाय फाइल द्यायची नाही वगैरे सुरुवात केली. चिमटाबाईंनी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. फाइल आली.

पत्र तीन पानांचं होतं, टाचणीनं जोडलेलं. पहिलं पान सपाट झालं होतं आणि वरच्या कोपऱ्यात साहेबांची लाल बरोबरची खूण होती. मागची दोन पानं पाकिटातून निघाली तशीच, घडीतली. ती कुणी उघडलीच नव्हती.

पहिल्या पानावर आपल्या पत्राबद्दल आणि सोबत पाठवलेल्या मजकुराबद्दल आभार, बाबांवर नोंद येते आहे हे वाचून आनंद झाला, आजीचं नाव चुकलं आहे ते असं हवं, एवढंच होतं. बाईंनी घडी उलगडली. तो मजकूर मी नंतर इतक्या वेळा ऐकला की जवळपास पाठ आहे.

‘आता मुख्य गोष्ट. तुमच्या मजकुरात मृतांचा आकडा सदतीस आहे. सरकारी अहवालात तोच आहे, पण तो चूक आहे. बाबांच्या डायरीत अडतीस आहे आणि बाबा शेवटपर्यंत अडतीसच म्हणत. अडतिसावा माणूस म्हणजे पाणी मोजणारा, ज्याची पत्रं बाबांनी वाचली नाहीत. खालच्या लोकांना उठवायला तो वस्तीत धावला आणि परत आला नाही. तो खात्याचा नोकर होता, वस्तीतला नव्हता, म्हणून अहवालानं त्याला मोजलं नाही. बाबा दर वर्षी त्या दिवशी त्याच्या बायकोला भेटायला जात. ती त्यांना दारातच उभं करी. तरी ते जात. तुम्ही बाबांवर चांगलं लिहिणार असाल तर हा आकडा आधी दुरुस्त करा, आणि तो मागे कुठेतरी दडवू नका. सुरुवातीलाच घाला. लोक सुरुवातच वाचतात, असं बाबा स्वतःबद्दलच म्हणायचे. त्यांनीही तिसऱ्या पत्राची पहिलीच ओळ वाचली होती.’

लेखनिक बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. चिमटाबाईंच्या कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या होत्या. पत्राची घडी न घालता, उघडंच धरून, त्या जिन्यानं वर गेल्या.

वर लांब टेबलाच्या खोलीत संपादक मंडळाची बैठक चालू होती. सहा सभासद, अध्यक्ष आणि साहेब. बाईंना तिथे बोलावलेलं नव्हतं. मला तर नाहीच. मी दारात थांबले, त्या आत गेल्या.

“बाई, मीटिंग चालू आहे,” साहेब म्हणाले.

“म्हणूनच आले.”

आणि त्यांनी पत्र वाचलं. तिन्ही पानं, आभारांपासून. मध्येच साहेब म्हणाले, “हे मी पाहिलंय.” बाईंनी वाचणं थांबवून लाल खुणेचं पान त्यांच्यापुढे धरलं. “एवढंच पाहिलंत. पुढची घडी मी आत्ता मोडली.” आणि जिथे थांबल्या होत्या तिथून पुढे सुरुवात केली. शेवटच्या ओळीला त्यांचा आवाज फुटला. रडू नव्हतं ते, मी ओळखत होते त्यांना. ओरडायचं नाही म्हणून दाबून धरलेलं होतं ते.

पत्र संपलं. कुणीतरी खाकरलं. अध्यक्ष वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक होते, बैठकीत बहुधा डुलक्या काढायचे. त्यांनी चष्मा वर केला.

“मग अडचण काय आहे? आकडा दुरुस्त करा. प्रास्ताविकही बाईंचंच घ्या. हरकत आहे कुणाची?”

कुणाचीच नव्हती. साहेबांचीही नव्हती. ते मान हलवून म्हणाले, “माझंही तेच मत पडलं.”

“पुढचा विषय?”

पुढचा विषय खंडाच्या कापडी बांधणीचा रंग हा होता.

बाई बाहेर आल्या तेव्हा मी त्यांचा हात धरला. “ताई, जिंकलात की!” त्यांनी हात झटकला. त्यांच्या डोळ्यांत जे होतं त्याला आनंद म्हणता येणार नाही.

“अर्ध्या मिनिटात, बघितलंस? एवढंच हवं होतं, अर्धं मिनिट. सगळ्यांना माहीत होतं काय बरोबर ते, कुणाला काही जड नव्हतं. नुसतं कुणी वाचत नव्हतं.” आतून आवाज येत होते. कुणी गडद हिरव्याच्या बाजूनं बोलत होतं, कुणी मरुन रंगाच्या. ती चर्चा पाऊण तास चालली. बाई जिन्यात उभ्या राहून ती संपेपर्यंत ऐकत होत्या, जणू स्वतःला मुद्दाम चटके देत होत्या.

खंड वेळेवर निघाला, गडद हिरवा. नोंदीच्या डोक्यात अडतीस माणसं होती. धडातला दीड रकाना परत आला, आणि मास्तरांनी पाणी मोजणाऱ्याबद्दल चार वाक्यं वाढवली. पाणी खात्याच्या सभागृहात कुणी काही बोललं नाही. खात्यातल्या एका अधिकाऱ्यानं नोंदीचं पहिलं पान तिथेच उभ्यानं वाचलं आणि साहेबांना म्हणाला, “अरे, हे आम्हाला माहीतच नव्हतं.” साहेब म्हणाले, “आमच्याकडे तपासणी फार कडक असते.” मी शेजारीच होते. घरी जाऊन मी नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा माझाच आवाज एवढा चढला की तो म्हणाला, तुला पण त्या बाईंची लागण झाली वाटतं.

पुढच्याच महिन्यात चिमटाबाईंची बदली झाली. साहेबांनी ती फार गोड शब्दांत केली. इतकी बारीक नजर, सूची विभागाला तुमच्यासारख्यांची गरज आहे. सूची विभाग म्हणजे तळमजल्यावरची एक खोली, जिथे कुठलं नाव कुठल्या खंडात कुठल्या पानावर आहे याची कार्डं लावली जायची. चरित्रांची डोकी आता दुसरं कुणीतरी बघणार होतं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. बाईंनी आदेश वाचला, पूर्ण वाचला, मागचं कोरं पानही उलटून बघितलं आणि म्हणाल्या, “दुसऱ्या ओळीत शुद्धलेखन चुकलंय.” सही करून खाली गेल्या.

तिथे त्या गप्प बसल्या असतील असं साहेबांना वाटलं असावं. सूचीचं काम करायचं तर आधीचे सगळे खंड पानापानानं वाचावे लागतात. बाईंनी वाचले. आणि वाचता वाचता प्रत्येक चरित्राचं डोकं पुन्हा धडाशी लावून पाहिलं. दोन वर्षांत त्यांना एकसष्ट ठिकाणी फरक सापडला. कुठे भागीदाराचं नाव गळलेलं, कुठे बायकोनं केलेलं काम नवऱ्याच्या नावावर, कुठे हरलेला खटला जिंकलेला. मला त्यांनी यादी दाखवली त्या दुपारी त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

“यातल्या चौदांवर माझी आद्याक्षरं आहेत,” त्या म्हणाल्या.

“सव्वीस वर्षांत चौदा म्हणजे काहीच नाही, ताई.”

“गप्प बस! चौदा माणसं आहेत ती.” आणि मग जरा वेळानं, खालच्या आवाजात, “एकीबद्दल तर मला आठवतंय. धड लांब होतं आणि मला घरी जायची घाई होती. मी वरचंच वाचलं होतं.”

मी पहिल्यांदाच बघितलं की त्यांचा राग स्वतःवर कसा असतो. दुसऱ्यावर असायचा तेव्हा त्या बोलायच्या तरी. त्या दिवशी त्या यादीकडे बघत नुसत्या बसून राहिल्या, आणि अंगठ्याच्या नखानं टेबलाची कड खरवडत होत्या.

साहेबांनी ती यादी छापायला नकार दिला. वाचकांचा विश्वास उडेल म्हणाले. बाईंनी मग एकसष्ट पत्रं हातानं लिहिली, ज्यांनी ती धडं लिहिली होती त्यांना, आणि ते हयात नसतील तर त्यांच्या घरी. काहींची उत्तरं आली, बरीचशी रागावलेली. ती सगळी त्यांनी जपून ठेवली. मला म्हणाल्या, रागावलेला माणूस निदान शेवटपर्यंत वाचतो.

त्या निवृत्त झाल्या. तीन वर्षांनी साहेबही गेले. नव्या मुख्य संपादक बाईंनी तळमजल्यावरची ती यादी शोधून काढली आणि शेवटच्या खंडाला शुद्धिपत्र म्हणून जोडली, अकरा पानं. चौदा ओळींपुढे चिमटाबाईंच्या सांगण्यावरून ‘तपासनीसाची चूक’ असं छापलं. बाकीच्या सत्तेचाळीस ओळींपुढे काहीच नाही. त्या आद्याक्षरांचे लोक तयार झाले नाहीत.

खंड त्यांच्या घरी पोचला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला. मला वाटलं, आता तरी बाई दोन शब्द समाधानाचे बोलतील. मी हसतच फोन उचलला.

“इंजिनियरच्या नोंदीतला धरणाचा फोटो कुणी लावला होता?”

“मी, ताई.”

“खाली साल कुठलं टाकलंयस?”

मला आठवेना.

“पहिल्या धरणाचं साल टाकलंयस. फोटो दुसऱ्याचा आहे. डाव्या बाजूला दगडी पायऱ्या आहेत, त्या पहिलं धरण फुटल्यानंतर बांधल्या. धडात लिहिलंय मास्तरांनी, पाचव्या रकान्यात. वाचलं होतंस?”

मी खोटं बोलणार होते. मग म्हटलं, “नाही. फक्त डोकं वाचलं होतं.”

मग त्यांनी मला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. वीस मिनिटं त्या बोलत होत्या. त्यांच्या मागे यजमान हळूच म्हणत होते, अगं, पुरे आता, आणि नणंद म्हणत होती, बोलू दे तिला.

फोन ठेवल्यावर मी पाचवा रकाना उघडला आणि उभ्यानंच वाचला. मग पहिला उघडला, बसले, आणि पाचही वाचून काढले. त्याच दुपारी ऑफिसात जाऊन शुद्धिपत्राच्या पुढच्या आवृत्तीसाठी बासष्टावी ओळ लिहून दिली, आणि तिच्यापुढे माझी आद्याक्षरं घातली.